घनसाळची कणी

लक्ष्मीपुरीत बोराशेटच्या दुकानात
पोत्यांच्या मागे एक घमेलं असतं.
चाळणीखाली पडलेलं, तुटकं, कुणी न मागितलेलं:
आजऱ्याच्या घनसाळची कणी.
अख्ख्या तांदळाच्या निम्म्या भावात.

पहिल्यांदा मागितली तेव्हा शेट म्हणाला,
"कोंबड्या पाळल्यासा व्हय काकू?"
म्हटलं, "व्हय. नऊ हायत.
धाकटी दीड वर्षाची,
अजून पायताण उलटं घालती."

साडेआठपासून येतात एकेक
उत्तरेश्वर पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत.
झोहाची आई शिरोलीला शर्टांना काजं करते.
इंद्रनीलचा बाप उद्यमनगरात लेथवर;
बोटांचं काळं दाराला लागू नये
म्हणून कोपरानं कडी उघडतो.
समिधाची आई रात्रपाळीची नर्स,
पोरीला आत सोडताना
उंबऱ्यावरच अर्धी झोपलेली.

पाटीवर मीच लिहिलंय: अठराशे रुपये, जेवणासकट.
लिहिलं तेव्हा तूरडाळ शंभराच्या आत होती.
पाटी तीच आहे.
दोनदा खडू घेऊन उभी राहिले,
दोनदा पाटी नुसती पुसून
तेच पुन्हा ठळक केलं.

मग डाळीत तांबडा भोपळा घालते.
शिजून शिजून तो डाळच होतो,
पाचांची डाळ नवांना पुरते.
भोपळा म्हटलं की झोहा तोंड मिटते,
वाघाची डाळ म्हटलं की
दुसऱ्यांदा वाटी पुढं करते आणि गुरगुरते.
अंडी बुधवारी. पाचच.
कुस्करून भातात मिसळते,
कुणाला किती आलं ते कळू नये म्हणून.
पण इंद्रनील ओरडतोच, "मला पिवळं घावलं!"
आणि आठ माना आपापल्या ताटलीत शोधायला लागतात.
केळी रात्री आठनंतरची, गाडीवाल्याला घरी जायची घाई असते तेव्हाची.
गूळ फुटक्या ढेपेचा.

मागच्या महिन्यात झोहाची आई न्यायला आली,
दारातच थांबली.
"काकू, तांदूळ कुठला वापरतासा?
घरात घास घेत न्हाई ही."
"घनसाळ," म्हटलं.
कणी म्हटलं नाही.
जीभ तिथंच अडली,
जशी पोरांची भोपळ्याशी अडते.

चार दिवसांनी कळलं,
तिनं अख्खा घनसाळ आणला, एक किलो, पुऱ्या भावानं.
किती काजांचा तो किलो, कोण जाणे.
आणि झोहा म्हणाली,
हा नको, काकूचा पायजे.

त्या रात्री वही उघडली नाही.

रविवारी तिला घेऊन लक्ष्मीपुरीत गेले.
पोत्यांमागचं घमेलं दाखवलं.
तिनं मूठभर उचलली, नाकाशी नेली,
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "वास न्हाई तुटत व्हय याचा?"
मी म्हटलं, "न्हाई. आणि शिजतीय पण लवकर, गॅस वाचतो."
ती हसली. मला वाटलं होतं, रागावेल.
शेटनं दोघींना दोन पुड्या बांधून दिल्या.

आता घमेलं शनिवारीच तळाला जातं.
समिधाची आई नेते, शेजारचे दोघे नेतात,
आणि शेटनं किलोमागं तीन रुपये वाढवलेत.
"मागणी हाय, काकू," म्हणतो,
तराजूकडं बघत.

वहीत तीन रुपये लिहिले.
ते कुठून काढायचे ते अजून लिहिलं नाही.
साडेबारा वाजलेत.
पातेल्यावरचं झाकण सरकवते,
वाफ खोलीभर होते,
आणि खेळणी टाकून
नऊ कोंबड्या एकदम मान वर करतात.